बेलीफ दारात येणार, पण दंडच मान्य नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये, मिडलंड्समधल्या एका शहरात राहतो. गेल्या वर्षी कौन्सिलच्या कार पार्कमध्ये गाडी लावून मी ॲपवरून पैसे भरले. गडबडीत ॲपमध्ये आमच्या जुन्या, विकून टाकलेल्या गाडीचा नंबर निवडला गेला. परत येऊन पाहते तर काचेवर ५० पौंडांची नोटीस. त्याच रात्री पावती जोडून कौन्सिलला ईमेल केला. काही उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं विषय मिटला. महिन्याभरात आम्ही घरही बदललं. आता नव्या पत्त्यावर माझ्या नवऱ्याच्या नावाने बेलीफ कंपनीचं पत्र आलंय. ५० चे जवळपास १६० पौंड झालेत, आणि सात दिवसांत भरले नाहीत तर घरी येऊन वस्तू ताब्यात घेऊ, असं त्यात म्हटलंय. नवरा कामासाठी महिनाभर पुण्यात आहे. घरी मी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मी कामावर गेले की सासूबाई दिवसभर एकट्या असतात. त्यांना हृदयाचा त्रास आहे, इंग्रजी येत नाही, आणि जप्ती म्हटल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. याच वर्षी आम्हाला आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज करायचाय, त्याला बाधा येईल का? पैसे भरून मोकळे होऊ, असं नवरा म्हणतो. पण मी पार्किंगचे पैसे भरले होते! मग दंड कसला?

उत्तर

ताई, आधी सासूबाईंना एक गोष्ट सांगा, आजच आणि स्पष्ट शब्दांत. कौन्सिलच्या पार्किंग दंडासाठी आलेल्या बेलीफाला दार तोडून घरात शिरता येत नाही. कुलूपवाल्याला बोलावून ते उघडून घेता येत नाही, खिडकीतून येता येत नाही, दारात उभ्या माणसाला ढकलून आत घुसताही येत नाही. आपण दार उघडलं नाही तर तो बाहेरच राहतो. आपल्याकडे जप्ती म्हणजे चारचौघांत अब्रू गेली, ही भीती त्यांच्या पिढीच्या मनात घर करून असते आणि ती मी समजू शकतो. इथे मात्र बेलीफाने आपल्या येण्याचं कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू नये, असं सरकारने त्यांना घालून दिलेल्या आचारनियमांतच आहे.

आता तुमच्याकडे येतो. तुमचं म्हणणं मला पटतं. पैसे भरले होते, पावती आहे, चूक फक्त नंबराची. पण हे म्हणणं बेलीफाला ऐकवून काही उपयोग नाही. पार्किंग बरोबर होतं की चूक, हे ठरवायचा त्याला अधिकारच नाही. त्याच्या हातात वॉरंट आहे आणि वसुली एवढंच त्याचं काम. त्याच्याशी फोनवर तासभर हुज्जत घालून तुमचे सातांतले दोन दिवस जातील. भांडायचं आहे, जरूर भांडायचं आहे, पण त्याआधी हे प्रकरण जिथे तुमचं ऐकून घेतलं जाईल अशा पायरीवर परत न्यावं लागेल. त्यासाठी एक ठरलेला रस्ता आहे आणि तो फुकट आहे.

त्याआधी ते पत्र पुन्हा एकदा नीट वाचा. वर लाल अक्षरांत काय लिहिलंय ते सोडा. त्यात ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरचा, म्हणजे असे दंड कर्ज म्हणून नोंदवणाऱ्या कोर्टाच्या केंद्राचा, उल्लेख आहे का, कौन्सिलचं नाव आहे का आणि मूळ नोटिशीचा नंबर, म्हणजे पीसीएन नंबर, आहे का ते बघा. मग कौन्सिलच्या पार्किंग विभागाला फोन करा. फोन नंबर त्या पत्रावरून घेऊ नका, कौन्सिलच्या वेबसाइटवरून घ्या, कारण बेलीफाच्या नावाने खोटी पत्रं पाठवणारे लोकही आहेत. पार्किंग विभागाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: नोटीस टू ओनर, म्हणजे गाडीच्या मालकाला जाणारी नोटीस, कोणत्या तारखेला आणि कोणत्या पत्त्यावर पाठवली, तुमच्या ईमेलला उत्तर दिलं होतं का, आणि वॉरंट कधी निघालं. ईमेलचं स्पॅम फोल्डरही उघडून पाहा. तुमची हरकत फेटाळल्याचं उत्तर तिथे पडून असण्याची दाट शक्यता आहे.

५० चे १६० कसे झाले तेही समजून घ्या, म्हणजे गोष्ट कुठे हातातून निसटली ते कळेल. काचेवरच्या नोटिशीनंतर तुम्ही केलेला ईमेल ही प्राथमिक हरकत. ती मान्य झाली नाही आणि पैसेही आले नाहीत, तर कौन्सिल डीव्हीएलएकडून, म्हणजे वाहन नोंदणी खात्याकडून, गाडीच्या नोंदणीकृत मालकाचं नाव-पत्ता घेते आणि त्याला नोटीस टू ओनर धाडते. खरी, कायदेशीर हरकत नोंदवायची ती इथे, २८ दिवसांत. तीही फेटाळली तर ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनलकडे अपील करता येतं. या नोटिशीला उत्तर आलं नाही की चार्ज सर्टिफिकेट निघतं आणि दंड दीडपट होतो: ५० चे ७५. मग कौन्सिल ही रक्कम नॉर्दम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये कर्ज म्हणून नोंदवते, त्यात थोडी कोर्ट फी चढते आणि ऑर्डर फॉर रिकव्हरी, म्हणजे वसुलीचा आदेश, येते. तिला उत्तर द्यायला २१ दिवस. तेही गेले की वॉरंट, आणि फाइल बेलीफ कंपनीकडे पोचली की तिची पहिल्या टप्प्याची फी. २०१४ साली ठरलेल्या दरांनुसार ती ७५ पौंड. झाले १६०.

तुमच्या बाबतीत यातलं एकही पत्र हाती आलेलं दिसत नाही, आणि कारण बहुधा साधं आहे: घर बदललं पण गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सीवर, जुनाच पत्ता राहिला. कौन्सिल टॅक्सला कळवलं, बँकेला कळवलं, ड्रायव्हिंग लायसन्सवरही बदलला, तरी लॉगबुकचा पत्ता आपोआप बदलत नाही. तो वेगळा बदलावा लागतो. आपल्या लोकांच्या हातून ही गोष्ट फार वेळा राहून जाते, आणि बेलीफापर्यंत गेलेल्या कितीतरी प्रकरणांच्या मुळाशी तीच असते. नवऱ्याला सांगा, आज रात्रीच ऑनलाइन बदल. पैसे पडत नाहीत. न बदलल्याबद्दल मात्र १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता तो रस्ता. दोन फॉर्म आहेत, टीई९ आणि टीई७. टीई९ म्हणजे साक्षपत्र: मला अमुक कागद मिळालाच नाही, हे सांगणारं. टीई७ म्हणजे मुदत उलटून गेल्यावरही ते साक्षपत्र दाखल करून घ्यावं, अशी विनंती. तुमची २१ दिवसांची मुदत केव्हाच संपली आहे, म्हणून दोन्ही एकत्र द्यायचे. सरकारी वेबसाइटवर मिळतात, भरून ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरला ईमेलने पाठवता येतात, फी नाही, वकील लागत नाही. (लंडनच्या कंजेशन चार्जसारख्या काही दंडांसाठी पीई२ आणि पीई३ हे वेगळे फॉर्म आहेत. तुमच्या कामाचे नाहीत.)

दोन्हींवर सही तुमच्या नवऱ्याचीच हवी. गाडी तुम्ही लावली होती, ईमेल तुम्ही केला होता, हे खरं. पण ऑर्डर त्यांच्या नावावर आहे, तेव्हा तुम्ही तुमच्या सहीने पाठवलात तर अर्ज परत येईल. पुण्यातून छापून, सही करून, स्कॅन करून पाठवायला त्यांना कितीसा वेळ लागणार? तुम्ही फक्त माहिती भरून द्या: पीसीएन नंबर, गाडीचा नंबर, कौन्सिलचं नाव, ठिकाण, तारीख.

टीई९ मध्ये चार कारणं दिलेली असतात आणि एकाच चौकटीत खूण करायची असते. इथेच बरेच जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुसरं कारण असं आहे, की मी कौन्सिलकडे हरकत नोंदवली पण मला फेटाळल्याचं पत्र मिळालं नाही. ते वाचून तुम्हाला वाटेल, अगदी माझंच वर्णन! तिथे खूण करू नका. त्या वाक्यातली हरकत म्हणजे नोटीस टू ओनर आल्यानंतरची कायदेशीर हरकत. तुमचा ईमेल त्याच्या आधीचा, तो त्यात धरत नाहीत. तुम्हाला लागू आहे ते पहिलं कारण: नोटीस टू ओनर मला मिळाली नाही. दोन चौकटींत खुणा केल्या तर अर्ज बाद. आणि हे कारण खरं असेल तरच द्यायचं. नवऱ्याला आधी स्पष्ट विचारा, जुन्या घरी असताना असं पाकीट आलं होतं का, उघडून बाजूला ठेवलं होतं का. कारण खाली सत्यतेचं विधान असतं, आणि कोर्टापुढच्या कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा न्यायालयाचा अवमान ठरतो. दोनशे पौंडांसाठी कुणी तो धोका पत्करू नये.

टीई७ मध्ये मोकळी जागा असते, उशीर का झाला ते लिहायला. लोक तिथे पार्किंगची सगळी कहाणी लिहितात: पावती, ॲप, जुना नंबर, कौन्सिलचा अन्याय. त्यातलं एक अक्षरही तिथे नको. तिथे प्रश्न एवढाच आहे की २१ दिवसांत अर्ज का केला नाहीत. तेव्हा लिहा: अमुक तारखेला आम्ही जुनं घर सोडलं, नोटिसा त्या घरी गेल्या, आम्हाला पहिल्यांदा कळलं ते अमुक तारखेला आलेल्या बेलीफच्या पत्राने, आणि त्यानंतर इतक्या दिवसांत हा अर्ज करतो आहोत. तारखा घाला. सोबत नव्या घराचा भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं पहिलं बिल जोडा, ज्यावर राहायला आल्याची तारीख आहे. लॉगबुकवरचा पत्ता बदलायचा राहिला असेल तर तेही सरळ लिहा. लपवण्यात अर्थ नाही, कौन्सिलकडे डीव्हीएलएची नोंद आहेच.

अर्ज पोचला की ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटर कौन्सिलला कळवतं आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवली जाते. पण हा निरोप बेलीफ कंपनीपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून पोचपावतीचा ईमेल आला की तो तसाच बेलीफ कंपनीला आणि कौन्सिलला पुढे पाठवा, आणि निर्णय होईपर्यंत कुणालाही पाठवू नका अशी लेखी मागणी करा. त्याच ईमेलमध्ये लिहा की घरात दिवसा एक वयस्कर, हृदयविकार असलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या बाई एकट्या असतात. हे कळवणं महत्त्वाचं आहे. २०१३ च्या टेकिंग कंट्रोल ऑफ गुड्स नियमांप्रमाणे घरात फक्त १६ वर्षांखालचं मूल किंवा अशी दुर्बल अवस्थेतली व्यक्तीच हजर असेल, तर बेलीफाला तिथे वस्तू ताब्यात घेता येत नाहीत. सासूबाई आणि तुमचा मुलगा असे दोघंच घरी असतील तरीही नाही.

तरी एखादा आलाच, तर काय होतं ते सांगतो. सकाळी सहा ते रात्री नऊ यांच्या दरम्यान येईल. बोलायला बहुधा गोड असेल: फक्त दोन मिनिटं आत येऊन बोलू या, एक सही हवी आहे. आत यायला त्याला तेवढंच पुरतं. दाराला कुलूप नसेल तर उघडून आत येणंही कायद्यात बसतं, आणि इथे मला तुमच्या मागच्या दाराची काळजी वाटते. कपडे वाळत घालायला, तुळशीला पाणी घालायला आपल्या घरांतलं बागेकडचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. पुढचे काही दिवस त्याला किल्ली लावा. मुलालाही सांगा, बेल वाजली की धावत जाऊन दार उघडायचं नाही.

सासूबाईंसाठी एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून तो पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: दार उघडायचं नाही, साखळी लावूनसुद्धा नाही, सुनेला फोन करायचा. शेजारी एका पाकिटात इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा, की या घरातल्या बाईंना इंग्रजी येत नाही, त्या कर्जदार नाहीत, मुदतीबाहेरचा अर्ज दाखल केला आहे, अमुक ईमेलवर लिहा. कुणी दार ठोठावलं तर त्यांनी ती टपालाच्या फटीतून बाहेर सरकवायची, बस. बोलायची गरज नाही. तुम्ही घरी असाल तर खिडकीतून बोला, ओळखपत्र आणि वॉरंट काचेला लावून दाखवायला सांगा, फोनवर चित्रीकरण करा. प्रत्येक बेलीफाकडे कोर्टाचं प्रमाणपत्र असावं लागतं आणि त्यांची नावं न्याय मंत्रालयाच्या ऑनलाइन यादीत तपासता येतात. कशावरही सही करू नका. कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट नावाच्या, म्हणजे वस्तू घरीच ठेवून हप्त्याने पैसे भरण्याच्या कराराच्या, कागदावर एकदा सही झाली आणि ठरलेला हप्ता चुकला, की मग मात्र आगाऊ नोटीस देऊन, जोर लावून आत यायचा हक्क त्याला मिळतो.

दागिन्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण सासूबाईंच्या मनात ते असणारच. वॉरंट तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे. तुमचं मंगळसूत्र, सासूबाईंच्या पाटल्या, देवघरातली त्यांची चांदीची भांडी या दुसऱ्यांच्या वस्तू आहेत, नवऱ्याच्या कर्जात त्या नेता येत नाहीत. संयुक्त मालकीच्या वस्तू मात्र नेता येतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, शेगडी, अंथरूण-पांघरूण अशा रोजच्या गरजेच्या गोष्टींना संरक्षण आहे. कामाधंद्याला लागणाऱ्या साधनांना, त्यात लॅपटॉपही आला, एकूण १३५० पौंडांपर्यंत संरक्षण आहे.

घराइतकीच, किंबहुना घरापेक्षा जास्त, काळजी गाडीची घ्या. पार्किंगच्या वसुलीत बेलीफाचा डोळा असतो तो गाडीवर, कारण ती बंद दाराआड नसते. तुमच्या ड्राइव्हवेवर किंवा रस्त्यावर उभी दिसली की तो तिच्या चाकाला क्लॅम्प, म्हणजे लोखंडी अडकण, लावू शकतो. कुलपाच्या गॅरेजमध्ये ठेवायची सोय असेल तर ठेवा, नाही तर अर्जाची पोचपावती येईपर्यंत ओळखीच्या कुणाच्या खासगी जागेत लावा. यात बेकायदा काही नाही. गाडी फायनान्सवर असेल, तर हप्ते फिटेपर्यंत मालकी फायनान्स कंपनीची असते. त्या कराराची प्रत बेलीफ कंपनीला आधीच पाठवून ठेवा, कारण ऐनवेळी ते यावर वाद घालतात. आणि क्लॅम्प लागलाच तर रागाच्या भरात कापायला जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि आतापर्यंत ज्या प्रकरणात गुन्हा कुठेच नव्हता त्यात तो येऊन बसेल. गाडी उचलून नेण्याआधी साधारण दोन तास तरी द्यावे लागतात. तेवढ्यात कौन्सिलला फोन करा.

तुमचे यजमान म्हणतात भरून टाकू. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, मी ते झटकून टाकत नाही. बेलीफ दारात एकदा येऊन गेला की दुसऱ्या टप्प्याची फी लागते, २०१४ च्या दराने २३५ पौंड, म्हणजे तुमचे १६० चारशेच्या घरात जातात. म्हणून निर्णय सात दिवसांच्या आत व्हायला हवा. हे सात दिवस मोजताना पत्र मिळालं तो दिवस, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. नोटीस टू ओनर त्यांना खरोखरच मिळाली होती असं निघालं, तर मी स्वतः सांगेन, अर्जाच्या नादी लागू नका, भेटीआधी १६० भरा, एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा. पण ती मिळाली नसेल, तर कायद्याने तुम्हाला दिलेली संधी तुमच्यापर्यंत पोचलेलीच नाही. ती मागायला संकोच कशाचा?

आपल्याकडे ई-चलान साठत जातं आणि लोक लोकअदालतीची वाट बघतात, तिथे तडजोड होते. ती सवय इथे कृपा करून आणू नका. इथे प्रत्येक टप्प्यावर गप्प बसण्याचे पैसे पडतात, आणि शेवटी कुणी सूट देत नाही.

अर्ज मान्य झाला तर ऑर्डर फॉर रिकव्हरी रद्द होते, तिच्याबरोबर चार्ज सर्टिफिकेट आणि वॉरंटही जातं, बेलीफाची फी जाते. मूळ दंड मात्र जात नाही, एवढं ध्यानात ठेवा. कौन्सिल नव्याने नोटीस टू ओनर पाठवू शकते, यावेळी योग्य पत्त्यावर. आणि मग तुमच्या पावतीची वेळ येते. त्या दिवशीची वेळ आणि रक्कम दाखवणारी ॲपची पावती, बँकेचं स्टेटमेंट, जुनी गाडी विकल्याचा कागद, सगळं जोडून २८ दिवसांच्या आत कायदेशीर हरकत नोंदवा. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो: नियमावर काटेकोर बोट ठेवलं तर उभ्या असलेल्या गाडीसाठी पैसे भरले गेले नव्हते, असं कौन्सिल म्हणू शकते. त्यामुळे फक्त 'माझी चूक नाही' एवढ्यावर थांबू नका. कार पार्कचे पूर्ण पैसे कौन्सिलला मिळाले, त्या वेळी जुनी गाडी तुमच्याकडे नव्हती, चूक बुडवण्यासाठी केलेली नव्हती, आणि अशा परिस्थितीत दंड रद्द करण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, तो वापरावा, असं लिहा. फेटाळलं तर २८ दिवसांत ट्रायब्युनल. अपील फुकट असतं, सुनावणी फोनवर किंवा व्हिडिओवर होते, आणि निर्णय देणारा कौन्सिलचा नोकर नसतो. सबळ कारणं दिसली तर तो कौन्सिलला दंड रद्द करण्याची शिफारस करू शकतो.

आणि टीई७ नाकारलं गेलं तर? तेव्हा १४ दिवसांत एन२४४ फॉर्म भरून न्यायाधीशाकडे फेरविचार मागता येतो. त्याला फी आहे. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचा अर्ज करता येतो. त्या टप्प्यावर एकट्याने निर्णय घेऊ नका, सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा नॅशनल डेटलाइनला फोन करा. दोन्हीकडे सल्ला विनामूल्य मिळतो.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्समधलं, आणि कौन्सिलच्या दंडाबद्दलचं. सुपरमार्केटच्या आवारातल्या खासगी कंपनीचा दंड वेगळा असतो. त्यासाठी येणारे वसुलीवाले बेलीफ नसतात, कोर्टाचा निकाल झाल्याशिवाय त्यांना पत्र लिहिण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून तो फाडून टाकायचा, असं व्हॉट्सॲपवर फिरतं, तेही चूक. खासगी कंपनीचा ८५ पौंडांचा दंड सुप्रीम कोर्टाने २०१५ साली वैध ठरवला आहे. कोर्टाचं क्लेम फॉर्म आलं आणि उत्तर दिलं नाही, तर काउंटी कोर्टाचा निकाल नावावर बसतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं नोंदीत राहतो.

राहिला आयएलआरचा प्रश्न. कौन्सिलचा पार्किंग दंड हा दिवाणी मामला आहे. तो गुन्हा नाही, पोलिसांच्या नोंदीत जात नाही, त्यासाठी तुरुंग नाही. ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये नोंदलेलं हे कर्ज निकालांच्या सार्वजनिक नोंदवहीतही जात नाही, त्यामुळे क्रेडिट रेकॉर्डलाही धक्का नाही. अर्जातला प्रत्येक प्रश्न मात्र शब्द न् शब्द वाचून उत्तर द्या, आणि या प्रकरणाचे सगळे कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा, ट्रायब्युनललाही तेच लागतील.

टीई७ पाठवण्याआधी उशिराच्या कारणाचा मजकूर मला पाठवलात तर मी लगेच वाचून कळवीन. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.